पिण्यास योग्य

मोटार सुरू करायच्या आधी पाणीवाली रोज विहिरीच्या कठड्यावर ओणवी होऊन आत बघायची. ही सवय तिला नवऱ्याने लावली होती. पाणी किती खाली गेलंय, वर काही तरंगतंय का, एवढं बघायचं, मग खोलीत जाऊन बटण दाबायचं. त्या सोमवारी तिने बघितलं तेव्हा पाण्याच्या कडेला, दगडांच्या खोबणीत, पांढुरका फेस धरला होता. फेसात तीन बेडूक पोटं वर करून पडले होते.

तिने दोर सोडून बादलीभर पाणी वर काढलं. बादली नाकाशी नेली. पत्र्याच्या दाराला नवा रंग दिल्यावर खोलीत जसा वास कोंडतो, तसा वास. बारीक होता, पण होता. गेल्या महिन्यात असाच वास तीनदा आला होता, तेव्हा तिने नवऱ्याने सांगितल्याप्रमाणे ब्लीचिंग पावडर एक मूठ जास्त टाकली होती. पावडरीच्या उग्र वासाखाली तो वास मरून जायचा. आज तिने दोन मुठी टाकल्या, दहा मिनिटं थांबली, पुन्हा बादली काढली. वास जागच्या जागी होता.

नळाला पाणी सोडायची वेळ झाली होती. एकशे ऐंशी घरांत हंडे, बादल्या नळाखाली लावून बायका उभ्या असणार. हातांना जे ठाऊक होतं ते हातांनी केलं. मोटार घरघरली, पाइप थरथरला, टाकीत पाणी पडायला लागलं. मग तिने नोंदवही उघडली. वेळ लिहिली, विहिरीची पातळी लिहिली, पावडर किती ते लिहिलं. पानाच्या डोक्यावर छापलेल्या दोन ओळी होत्या. रोज सही करताना त्या तिच्या नजरेखालून जायच्या, पण दारावरच्या पाटीसारख्या, न वाचताच. आज तिने वाचल्या. ‘पाणी पिण्यास योग्य असल्याची खात्री करून सही करावी. जबाबदारी सही करणाऱ्याची राहील.’

तिने सही केली. सही झाल्यावर त्या दोन ओळी पुन्हा एकदा वाचल्या.

एकोणीस वर्षं हे काम तिच्या नवऱ्याचं होतं. गेल्या साली एका सकाळी दात घासता घासता त्याची डावी बाजू गेली, जीभ जड झाली. पाणी समितीने कामावर तिला घेतलं, कारण गावाला माहीत होतं की व्हॉल्व्ह उघडण्यापासून मोटारीत पाणी भरण्यापर्यंत निम्मं काम ती तशीही करतच होती. आता नवरा खाटेवर असायचा. बोलायचा, पण शब्द जात्यातून निघाल्यासारखे भरडून यायचे. ते दोघांनाच कळायचे. तिला आणि त्याच्या धाकट्या भावाला.

आणि विहिरीच्या वरच्या अंगाला, माळावर, या धाकट्या भावाचंच ड्रम धुण्याचं आवार होतं.

ती चालत वर गेली. आवाराच्या कुंपणाला निळे प्लॅस्टिकचे आणि गंजलेले लोखंडी ड्रम माणूसभर उंच रचलेले. कारखान्यांतून रिकामे ड्रम यायचे. कशात आधी रंग असायचा, कशात गोंद, कशात कसलं तरी तेल. इथे ते गरम पाण्याने आणि कॉस्टिक सोड्याने धुवायचे, उन्हात पालथे घालायचे आणि पाणी साठवायला म्हणून विकायचे. पाच बायका ड्रममध्ये कमरेपर्यंत वाकून घासत होत्या. हातमोजे बोटांवर फाटलेले. एकीने तिला बघून हात हलवला. मनगटापासून कोपरापर्यंत तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली होती.

“वहिनी! आज इकडे कशी काय वाट चुकलीस?” दीर हसत पुढे आला. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. अंगणात तिच्या मागे मागे फिरायचा. गाव आता त्याला ड्रमवाला म्हणायचं.

“धुतलेलं पाणी कुठे सोडतोस?”

“हे काय, चारीतून खड्ड्यात.” त्याने बोट दाखवलं. आवाराच्या उताराला मोठा खड्डा होता. त्याच्या कडांना जांभळट, तपकिरी थर चढलेले. तळाशी जेमतेम गुडघाभर पाणी. “तीन वर्षं झाली, दिवसाला दहा पिंपं पाणी आत जातं, पण हा खड्डा कधी भरतच नाही. जमीनच तशी मिळाली बघ.”

“भरत नाही, मग जातं कुठे?”

“जमीन पिते.”

“आणि जमीन कुणाला पाजते?”

त्याचं हसू थोडं आखडलं. “काय झालं ते नीट सांग ना.”

तिने बेडकांचं सांगितलं, फेसाचं सांगितलं. तो ऐकत होता, पण ऐकता ऐकता एका ड्रमवर पायाने ताल धरत होता.

“बेडूक काय, कशानेही मरतात. तूच पावडर जास्त टाकली असशील. वहिनी, या पाच घरांच्या चुली माझ्यावर चालतात. उगाच कुणाजवळ काही बोलू नकोस.”

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आधी तपासून घे.” एवढंच. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, आणि ते तिला खटकलं. पण दुपारची बस गाठायची होती.

दोन बाटल्या भरून ती बसने शहरात गेली. पाणी तपासणीची प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. तिथल्या तपासनीसबाईंनी बाटलीचं झाकण काढून हुंगलं आणि लगेच झाकण लावलं.

“हे पाणी लोकांना चालू आहे?”

“हो.”

“वहीत सही कुणाची?”

“माझीच.”

बाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या. “रिपोर्टला चार दिवस लागतील, शुक्रवार उजाडेल. पण तुम्हाला रिपोर्टची वाट बघता येत नाही, हे माहीत आहे ना? संशय आला की त्याच घटकेला पुरवठा बंद करायचा आणि आमच्या कचेरीला लेखी कळवायचं. कायदाच आहे तसा. बंद करायचा अधिकार सही करणाऱ्याचा. समितीला विचारायची गरज नाही, कुणाची परवानगी लागत नाही.”

“आणि नाही केलं तर?”

“तर घाण सोडणारा दोषी, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही.” त्यांनी टेबलाच्या खणातून एक पातळ पुस्तिका काढून तिच्या हातात दिली. “वाचता येतं ना? नऊ नंबरचं कलम बघा.”

बसमध्ये तिने ते कलम सहा वेळा वाचलं. तिथे लिहिलं होतं ते बाई म्हणाल्या तेच होतं, फक्त जास्त कोरडं. कायद्यात दीर नव्हता, नवरा नव्हता, पाच बायकांचे हात नव्हते. ‘जबाबदार व्यक्ती’ एवढाच शब्द होता, आणि ती व्यक्ती खिडकीशी बसून घामाने भिजली होती.

संध्याकाळी ती समितीच्या अध्यक्षांकडे गेली. गावात त्यांना मिशीवाले म्हणायचे. ते ओट्यावर बसून पायाची नखं काढत होते.

“शुक्रवारी रिपोर्ट येणार ना? मग शुक्रवारी बघू,” ते म्हणाले. “आज पाणी बंद केलं आणि रिपोर्ट चांगला आला, तर गाव माझी मिशी उपटेल. आणि तू तर घरच्याच माणसावर उठलीस. जरा दमानं घे.”

‘शुक्रवारी बघू’ हे शब्द तिने घट्ट धरून ठेवले. अध्यक्ष म्हणाले आहेत. चारच दिवस तर आहेत. पण घरी येऊन स्वतःसाठी पेला भरताना तिचा हात थांबला. तिने पेला ओतून दिला.

मंगळवारी दुपारी, गाव शेतात गेल्यावर, तिने सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी दोन कॅन बांधले. टेकडीच्या पलीकडे, घाटाच्या रस्त्याला एक जुना हापसा होता. त्याचं पाणी वेगळ्याच झऱ्याचं. जाऊन येऊन दीड तास लागायचा. येताना सायकल हाताने ढकलावी लागायची, चढावर कॅन मागे ओढायचे, हँडल वाकडं व्हायचं. एक कॅन तिने स्वतःच्या घरात ठेवला. दुसरा उचलून पलीकडच्या खोलीत जावेकडे नेला.

जाऊ बाळीला मांडीवर घेऊन बसली होती. बाळी आठ महिन्यांची. पाणीवालीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तेवीस वर्षांत या घरात रांगलेलं हे पहिलंच पोर. जावेला दूध पुरत नव्हतं. ती बाळीला पावडरचं दूध पाण्यात कालवून द्यायची.

“बाळीचं दूध ह्या पाण्यात कालव,” पाणीवाली म्हणाली.

“का हो ताई?”

“हे हलकं असतं. पोटाला बरं.”

जाऊ हसली. “किती करता तुम्ही हिच्यासाठी!”

त्या कौतुकाने पाणीवालीला चटका बसल्यासारखं झालं.

मंगळवारी, बुधवारी सकाळ-संध्याकाळ आणि गुरुवारी सकाळी तिने मोटार सुरू केली. पावडर टाकली. सही केली. सही करताना अक्षर बारीक बारीक होत चाललं होतं. रस्त्यात एखादं पोर ओकताना दिसलं की ती धावत जाऊन विचारायची. मग कळायचं, पोराने हिरवी चिंच खाल्ली होती. शाळेच्या नळावर मुलं ओंजळीने पाणी पीत होती. तिने एकाला हटकलं, “एवढं घटाघटा पिऊ नये रे,” आणि पोरं तिच्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. चूळ भरावी तरी कोणत्या पाण्याने, इथून रोजची सुरुवात.

गुरुवारी दुपारी कॅन घेऊन टेकडी उतरताना वळणावर शिंपीणबाई समोर आली. गावातले निम्मे कपडे हिच्या मशीनवर शिवलेले. माणूस स्पष्ट, मोजमाप घेतल्यासारखं बोलणारं.

“हापशाचं पाणी?” शिंपीणबाईने कॅनवर टिचकी मारली. “काल पण तू इथून जाताना दिसलीस. परवा पण. तुझ्या हातात गावाची मोटार, आणि तू पाणी हापशावरून आणतेस?”

“ह्यांच्या औषधाला लागतं…”

“खोटं बोलताना तुझी मान लाल होते.” शिंपीणबाई जवळ आली. “खाली काय झालंय पाण्याला?”

सायकल कलली. तिने ती कशीबशी सावरली.

“माझी सून पोटुशी आहे,” शिंपीणबाई हळू आवाजात म्हणाली. “सातवा लागलाय. सकाळपासून तीन तांबे पाणी प्यायली, उन्हाळी लागलीय म्हणून. ते पाणी तू सोडलेलं. तुझ्या घरात वरचं पाणी आणि आमच्या घरात खालचं. असंच ना?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. फक्त वाट सोडून बाजूला उभी राहिली, सायकलला जायला जागा दिली, आणि पाणीवाली कॅन घेऊन तिच्या समोरून निघून गेली. त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

ती घरी गेली नाही. थेट मोटारीच्या खोलीवर गेली. संध्याकाळचं पाणी सोडायला दोन तास होते. टाकीखालचा मोठा व्हॉल्व्ह फिरवायला एरवी तिला लोखंडी दांडा लावावा लागायचा. आज तिने तो नुसत्या हातांनी आवळला, तळव्याची साल निघेपर्यंत. खोलीला कुलूप लावलं. वही उघडून गुरुवारच्या रकान्यात लिहिलं, ‘पाणी पिण्यास योग्य नाही. पुरवठा बंद.’ मग खडूने दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘नळाचं साठवलेलं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका. उकळूनही नको.’ पोरांना पिटाळून घराघरांत सांगावा धाडला. कचेरीला लिहिलेलं पत्र बसच्या ड्रायव्हरजवळ दिलं, आणि तेच सगळं फोनवर तपासनीसबाईंना सांगितलं.

अर्ध्या तासात खोलीसमोर गाव जमलं. रिकामे हंडे घेऊन बायका, त्यांच्यामागे पुरुष. मिशीवाले तावातावाने आले.

“चावी दे इकडे.”

“देता येत नाही.”

“मी अध्यक्ष आहे!”

“तुम्ही अध्यक्ष, पण सही माझी आहे.” तिने पुस्तिका काढून पुढे धरली. “नऊ नंबर वाचा. मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

त्यांनी वाचलं नाही. शिंपीणबाईने त्यांच्या हातातून पुस्तिका घेतली आणि वाचलं. वाचून झाल्यावर पाणीवालीने सोमवारपासूनच्या वासाचं सांगितलं, तेव्हा गर्दीत कुणीतरी विचारलं, “चार दिवस वास येतोय म्हणतेस, मग चार दिवस का सोडलंस?”

पाणीवाली म्हणाली, “चुकले.”

कुणी शिव्या दिल्या. कुणीतरी रिकामी बादली दारावर फेकली, ती तिच्या खांद्याला लागून पडली. बायका मात्र निघाल्या, कारण भांडत बसण्यापेक्षा अंधार पडायच्या आत हापसा गाठणं गरजेचं होतं.

गर्दी पांगल्यावर दीर पुढे आला. तो आतापर्यंत लिंबाच्या झाडाखाली उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता, आवाज खाली होता.

“मला बुडवायला निघालीस, ते ठीक. पण दादाचं काय?”

“त्यांचं काय?”

“वास तुलाच पहिल्यांदा आला असं वाटतं तुला? मी आवार सुरू केलं आणि वर्षात दादाला वास आला. मला येऊन बोलला. मी म्हटलं, दादा, एवढं एक वर्ष सांभाळून घे, मग पक्की टाकी बांधतो. त्याने सांभाळून घेतलं. एक मूठ पावडर जास्त.” त्याने कुलपाकडे मान केली. “ती वही साहेब लोक घेऊन जातील. आधीची वही पण मागतील. त्यात सह्या कुणाच्या आहेत?”

ती घरी कशी पोचली ते तिला कळलं नाही. नवरा खाटेवर जागा होता. गावचा गलका त्याच्या कानावर आलाच असणार.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

त्याच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरलं. तो म्हणाला, “पोरगा होता तो. माझ्या हाताखाली वाढलेला.”

“आणि गाव?”

“वाटलं, पावडरीने मरत असेल.”

“तुम्ही मला पण तेच शिकवलंत. मूठभर जास्त टाक म्हणून. मला का नाही सांगितलंत?”

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला त्याचा इतका राग आला की त्याला कुशीवर वळवायची वेळ झाली होती तरी ती उठली नाही. मग उठली. कारण वळवलं नाही तर पाठीला जखमा होतात, आणि ते तिच्याशिवाय दुसरं कोण करणार.

शुक्रवारी रिपोर्ट आला. त्यात दोन रसायनांची लांबलचक नावं होती, आणि दोन्हीसमोर आकडा लाल अक्षरात. पाणी पिण्यास अयोग्य. शनिवारी टँकर आला आणि त्याच्या मागोमाग पाहणी अधिकारी आले. तरुण, बारीक अंगाचे, धुळीने माखलेले बूट. त्यांनी खड्ड्यातली माती बरण्यांत भरली, विहिरीचं पाणी भरलं, फोटो काढले, दोन्ही वह्या पिशवीत घातल्या. आवाराला सील लागलं. पाच बायका कुंपणाबाहेर उभ्या होत्या. त्यातली एक पाणीवालीकडे बघून थुंकली. दुसरीने आपले सोललेले हात पुढे करून अधिकाऱ्यांना विचारलं, “साहेब, हे पण लिहा ना.”

पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांचं आणि पोटुशी बायांचं रक्त तपासायचं, असा हुकूम निघाला. पलीकडच्या खोलीचं दार त्या दिवसापासून पाणीवालीला बंद झालं. भिंतीपलीकडून बाळी रडायची. पाणीवाली मनात रडण्याचा अर्थ लावत बसायची. भुकेचं आहे, की झोपेचं, की दुसरंच काही. हापशाच्या पाण्याने तीन दिवस वाचवले असतील. पण त्याआधीच्या आठ महिन्यांचं काय?

चौकशी बुधवारी शाळेच्या खोलीत ठेवली होती. नवऱ्याने सकाळीच सांगून टाकलं, “मला ने.”

“तुम्हाला बोलावलेलं नाही. जबानी घरी येऊन घेणार आहेत.”

“ने मला.”

शिंपीणबाईच्या नवऱ्याची हातगाडी होती, कापडाचे गठ्ठे आणायची. शिंपीणबाईने ती न मागता दारात आणून लावली. एक शब्द बोलली नाही. दोघींनी मिळून त्याला गाडीवर निजवलं आणि शाळेपर्यंत ढकलत नेलं. चाक खड्ड्यातून गेलं की त्याचं डोकं हलायचं. लोक दारांत उभे राहून बघत होते.

खोलीत लहान मुलांचे बाक होते. मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन त्यांत अडकून बसली होती. मिशीवाले पुढे. दीर खिडकीशी. अधिकाऱ्यांनी आधी पाणीवालीची जबानी घेतली. तिने सोमवारपासूनचं सगळं सांगितलं, चार दिवस पाणी सोडलं तेही, हापशाचे कॅनही. सांगताना शाळेच्या भिंतीवरच्या अंकलिपीकडे बघत राहिली, म्हणजे कुणाचा चेहरा दिसायला नको.

मग अधिकाऱ्यांनी जुनी वही उघडली. “या सह्या यांच्या? यांना पाण्यातल्या दोषाची कल्पना होती का?”

नवरा खुर्चीत एका अंगावर कलला होता. त्याने उजवा हात वर केला आणि बोलायला लागला. गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठाच्या कडेने लाळ गळली. खोलीत नुसता घोगरा आवाज भरून राहिला. अधिकारी पुढे वाकले, पेन थांबलं.

“काय म्हणतात हे? मला एक अक्षर कळत नाही. कुणाला कळतं यांचं बोलणं?”

दिराने मान वर केली. पाणीवालीने त्याच्याकडे बघितलं. खोलीत हे बोलणं समजणारी दोनच माणसं होती.

“बाई, तुम्हाला कळतं ना? पत्नी ना तुम्ही? सांगा बरं.”

तिला वाटलं, आत्ता म्हणावं, तब्येत बरी नाही, काहीबाही बोलताहेत. म्हणावं, त्यांना काही ठाऊक नव्हतं. अधिकारी तेच लिहून घेतील. माणूस आजारी, विषय मिटला. दिराच्या डोळ्यांत तेच होतं, अगदी हात जोडल्यासारखं. आणि नवरा तिच्याकडे बघत होता. आठवडाभरात पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता.

“ते म्हणतात…” ती उठून उभी राहिली. “ते म्हणतात, मला ठाऊक होतं. दोन वर्षं ठाऊक होतं. वास येत होता. मी भावाला सांगितलं, पण कचेरीला कळवलं नाही. पावडर जास्त टाकून वास दाबला. पाणी चांगलं नाही हे माहीत असून मी चांगलं म्हणून सही केली.”

नवरा पुन्हा बोलला. ती थांबून ऐकत होती.

“ते म्हणतात, माझ्या बायकोला मी हे सांगितलं नाही. तिला चुकीचं शिकवलं. भावानं घाण सोडली, पण विहीर राखायचं काम भावाचं नव्हतं. माझं होतं.”

अधिकारी लिहीत होते. खोलीत पेनाची खरखर तेवढी ऐकू येत होती. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं आणि नवऱ्याच्या उजव्या हाताचा अंगठा घेतला.

“यावरून खटला होईल,” ते पाणीवालीला बाजूला घेऊन म्हणाले. आवाजात कठोरपणा नव्हता. “भावावर मोठा, यांच्यावर वेगळा. तुमच्या चार दिवसांचंही लिहावं लागेल. आजारपणाचा विचार होईल, पण तो करायचा माझा अधिकार नाही, न्यायाधीशांचा आहे. आवारातली माती एक पुरुष खोल खणून न्यायची, विहीर तीनदा उपसायची. तीन महिने लागोपाठ रिपोर्ट चांगला येईपर्यंत नळ बंद.”

लोक पांगले. हातगाडी पायऱ्यांखाली उभी होती, आणि शाळेला पाच उंच पायऱ्या होत्या. येताना चार पुरुषांनी उचलून चढवलं होतं. आता अंगणात कुणी थांबलं नव्हतं. तिने नवऱ्याच्या काखेत हात घालून उठवायचा प्रयत्न केला. त्याचा डावा पाय लाकडासारखा घसरला, दोघंही उंबऱ्यावर बसली. ती धापा टाकत होती. त्याने काहीतरी म्हटलं, तिने लक्ष दिलं नाही.

दीर फाटकाजवळ उभा होता. तो वळून आला. तिच्याशी बोलला नाही, भावाकडे बघितलं नाही. उकिडवा बसला, भावाचे दोन्ही हात स्वतःच्या गळ्याभोवती ओढून घेतले आणि त्याला पाठीवर घेऊन उठला. हातगाडीकडेही गेला नाही. तसाच, सगळ्या गावातून, भर उन्हात, भावाला पाठीवर घेऊन चालत राहिला. वाटेत दोघं भाऊ काही बोलले का, ते मागून येणाऱ्या पाणीवालीला ऐकू आलं नाही. दिराच्या मानेवर मोठ्याचं डोकं टेकलेलं तेवढं दिसत होतं.

घरी आल्यावर त्याने भावाला खाटेवर ठेवलं, वाकडा पाय सरळ केला, खाली उशी सरकवली. दारात जाऊन थांबला.

“उद्यापासून दुसरं कुणी बघ उचलायला,” तो पाठमोराच म्हणाला, आणि गेला.

ऊन कलल्यावर दाराशी चाहूल लागली. जाऊ होती. कडेवर बाळी. आठवड्यात पहिल्यांदा ती या उंबऱ्याशी आली होती. डोळे सुजलेले.

“उद्या बाळीचं रक्त घ्यायचंय,” ती म्हणाली. “दहा वाजता. हे येत नाही म्हणतात. मला एकटीने तिला धरवणार नाही हो ताई.”

“मी धरीन.”

“मी तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं.”

“नको बोलूस. साडेनवाला तयार राहा.”

जाऊ परत जायला वळली नाही. उंबऱ्यावरच बसली. बाळी पाणीवालीकडे हात पसरून झेपावली, तिने तिला घेतलं. पोर जड लागत होतं, उबदार होतं, तिच्या गळ्यात बोटं घालत होतं. पाणीवालीने तिचे तळवे उलटेपालटे करून बघितले, जिभेकडे बघितलं, डोळ्यांच्या कोपऱ्यांकडे बघितलं. कशाचाच पत्ता लागत नव्हता. आत काय आहे ते सुईशिवाय कळणार नव्हतं, आणि सुईनंतरही आठ दिवस.

खाटेवरून नवरा काहीतरी बोलला. सावकाश, एकेक शब्द ढकलत.

जावेने मान वर केली. “काय म्हणतात भाऊजी?”

पाणीवालीला प्रत्येक अक्षर कळलं होतं. तो विचारत होता, ‘पोर वाचेल ना?’

तिने बाळीला छातीशी घट्ट धरलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “दार लोटून घ्या म्हणतात. वारा येतोय.”